वायरलेस सेन्सर नेटवर्क आणि इंटरनेट: द्राक्षबागेत रिसर्चला काही उरलंय का? (एमईचा विषय ठरवायचाय)

शाल्मली_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, मी नाशिकलाच एमई करतेय, ईअँडटीसी, आणि डेझर्टेशनचा विषय आता फायनल करायलाच हवा अशी वेळ आलीय. गाईड सरांनी "वायरलेस सेन्सर नेटवर्क विथ इंटरनेट" (म्हणजे सेन्सर लावलेली छोटी यंत्रं, त्यांना नोड म्हणतात, बिनतारी जोडून केलेलं जाळं) एवढंच ढोबळ सांगून सोडून दिलंय, बाकी तू बघ. मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, थॉमसन आणि थोडं क्रिमसन, ते म्हणतात प्लॉट वापर पण फवारणीच्या आड येऊ नको.

वाचायला बसले तर सगळं झालेलंच दिसतंय. आयआयटी मुंबईच्या लोकांनी तर अ‍ॅग्रीसेन्स नावानं इथं आपल्या सुला वाइनयार्ड्समध्येच सेन्सर लावून पानाचा ओलावा, आर्द्रता, तापमान मोजून रोगाचा अंदाज बांधायचं काम केलंय, तेही २०१० च्या आधी. मग मी नवीन काय करणार? आणि दुसरा गोंधळ असा की एक सिनियर म्हणतो प्रत्येक नोडला आयपीव्ही६ पत्ता (इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता) दे, सिक्सलोपॅन (असे पत्ते छोट्या रेडिओवर चालवायची पद्धत) घे, तेच खरं इंटरनेटला जोडणं, दुसरा म्हणतो लोरा (कमी बॅटरीत लांब जाणारा रेडिओ) घे, बांधावर एक गेटवे (नोडचं ऐकून इंटरनेटवर पाठवणारा डबा) ठेव, विषय संपला. तिसरा म्हणतो कशाला बागेत जातेस, कूजा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन कर आणि ग्राफ काढ, पास होशील. जाणकारांनी प्लीज लिहा.

नेटवर्क_नाना

चांगला धागा. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे समजून घ्या की "सेन्सरला आयपी द्यायचा का" हे भांडण पंचवीस वर्षं जुनं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी बर्कलीत पिस्टर यांचा स्मार्ट डस्ट (अगदी चिमुकले बिनतारी सेन्सर बनवायचा) प्रकल्प सुरू झाला तेव्हा बहुतेकांचं मत होतं की आयपी असल्या चिमुकल्या यंत्राला झेपणारच नाही. १९९९ मध्ये डेबोरा एस्ट्रिन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सेन्सरच्या जाळ्यात नोडला पत्ता असण्यापेक्षा डेटाला नाव असणं महत्त्वाचं. म्हणजे तुम्ही १४ नंबरच्या नोडला विचारत नाही, तुम्ही जाळ्याला विचारता की पान कुठं कुठं ओलं आहे. मला स्वतःला हा विचार अजूनही पटतो, पण तो मागे पडला. कारण स्वीडनमध्ये अ‍ॅडम डंकेल्सनं २००१ च्या सुमारास यूआयपी नावाचं छोटं सॉफ्टवेअर लिहून दाखवलं की आठ बिटच्या मायक्रोकंट्रोलरवरही टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची भाषा, बसतो. त्यातून पुढे कॉन्टिकी ही नोडसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम आली.

आता अडचण कुठं होती बघा. ८०२.१५.४ (असल्या छोट्या रेडिओंचं मानक) ची फ्रेम, म्हणजे हवेतून एका वेळी जाणारं पाकीट, जास्तीत जास्त १२७ बाइटची. आयपीव्ही६ म्हणतं माझं पाकीट किमान १२८० बाइटचं नेता आलंच पाहिजे. त्या १२७ मधून मॅक (रेडिओनं कधी बोलायचं-ऐकायचं ते ठरवणारा थर) हेडरचे २५ गेले, सिक्युरिटीचे २१ गेले, आयपीव्ही६ चं हेडर ४०, यूडीपी ८, हातात राहिले ३३ बाइट. म्हणून सिक्सलोपॅन, २००७ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे कागद) ४९४४ आणि मग २०११ ला आरएफसी ६२८२, ज्यात ते ४० बाइटचं हेडर शेजारच्या शेजारी बोलायचं असेल तर २ बाइटपर्यंत आणि मध्ये हॉप (दुसऱ्या नोडवरून उड्या) असतील तर ७ पर्यंत दाबता येतं. त्यावर राउटिंगला (पाकिटाची वाट ठरवायला) आरपीएल (२०१२), वर डेटा मागायला-द्यायला कोअ‍ॅप (२०१४). म्हणजे स्टॅक पूर्ण आहे. पुस्तकी दृष्टीनं तुमच्या सिनियरचं बरोबर आहे.

पण ताई, प्रश्न असा विचारा की बागेतल्या नोडशी बाहेरून थेट बोलायची गरज नेमकी कुणाला आहे?

पिंपळगावकर

वरचं अर्धं डोक्यावरून गेलं पण शेवटचा प्रश्न बरोबर आहे भो. मला नोडशी नाही बोलायचं, मला एवढंच कळायला हवं की सकाळी फवारणीचा ब्लोअर काढायचा का नाही.

आमच्याकडं एका कंपनीचं स्टेशन बसवलं होतं बागेत, खांब, वर सोलर, पाऊस मोजायचं भांडं, पान ओलं झालंय का सांगणारं पिवळं पानासारखं एक, आणि अ‍ॅप. पहिली छाटणी छान गेली. मग त्या पिवळ्या पानावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि गंधकाचा थर बसला, ते धुवायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि मग भर दुपारी कडक उन्हात अ‍ॅप म्हणायला लागलं पान ओलं आहे, डावणीचा (ओल्या पानावर येणारा बुरशीचा रोग) धोका. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा पोरगा म्हणाला पप्पा पान तर हातानं बघा, वाळून कडकडीत आहे. मग अ‍ॅप बघायचं बंद. फोन केला तर माणूस म्हणतो तिकीट रेज करा. खांब अजून आहे, गड्यांनी त्याला डबे अडकवलेत.

तर शाल्मलीताई, रिसर्चच करायचा असेल तर त्या पानावर करा.

शाल्मली_नाशिक

@पिंपळगावकर दादा, हे भारीच. म्हणजे सेन्सर खोटं बोलतोय हे नेटवर्कला कळायलाच हवं होतं, कारण त्याच खांबावर आर्द्रतेचा सेन्सर ४० टक्के दाखवत असणार आणि पान म्हणतंय ओलं. दोघांचं जुळत नाही हे नोडवरच पकडता येईल.

@नाना, थेट बोलायची गरज... खरं तर कुणालाच नाही. गेटवेशी बोललं की झालं. पण मग "इंटरनेट" या शब्दाचं काय करू, विषयात आहे तो :)

रेडिओवाला

मी हॅम (हौशी रेडिओवाला) आहे, गंगापूर रोडला गच्चीवर अँटेना बघितला असेल तर तो माझाच. रेडिओच्या बाजूनं सांगतो.

२.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ मांडवाखाली लावू नका. छाटणीनंतर काडी मोकळी असते तेव्हा टेस्ट करून लोक खूश होतात, साठ-सत्तर मीटर आरामात मिळतं, आणि मग पोंगा (कोवळा फुटवा) फुटतो, पानं मोठी होतात, मांडव गच्च होतो आणि लिंक जाते. पान म्हणजे बहुतांश पाणीच, ते सिग्नल खातं. त्यात वाय पद्धतीचे लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. अँटेना मांडवाच्या वर काढा, किमान दोन-तीन फूट, आणि सेन्सर खाली घडाजवळ, मधली वायर पाइपमधून न्या नाहीतर खारी ठेवत नाहीत.

आपल्याकडं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ २००५ पासून लायसनशिवाय खुला आहे, पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला. लोराचा भारतातला प्लॅन तिथंच बसतो, तीन डिफॉल्ट चॅनेल: ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. मॉड्यूल मागवताना बघून घ्या, ऑनलाइन ४३३ वालं स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका. एसएफ१२ (लोराची सगळ्यात संथ पण लांब जाणारी सेटिंग, आकडा कमी तसा वेग जास्त) वर सेकंदाला तीनशे बिटसुद्धा जात नाहीत पण अंतर चिक्कार जातं, तुमच्या मामांच्या प्लॉटला तर एसएफ७ किंवा ८ पण पुरेल.

चिमणराव_सिडको

विषय बघून पळणार होतो पण बोर्डोच्या थरानं थांबवलं. वाचतोय.

नेटवर्क_नाना

लोराबद्दल एक भर. लोरावॅन (लोरा रेडिओवर चालणारं जाळं) म्हणजे आयपी नाही, हे लोक विसरतात. नोड गेटवेला ओरडून सांगतो, गेटवे ते उचलून नेटवर्क सर्व्हरला देतो, इंटरनेट गेटवेपासून सुरू होतं. एसएफ१२ ला पेलोड (एका पाकिटात मावणारा डेटा) ५१ बाइट, त्यात ४० बाइटचं आयपीव्ही६ हेडर घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. यावरही आयईटीएफनं (इंटरनेटची मानकं ठरवणारी संस्था) तोड काढली, शिक म्हणतात तिला, आरएफसी ८७२४, २०२० ची, ज्यात दोन्ही टोकांना हेडरचे नियम आधीच माहीत असतात त्यामुळे हवेतून फक्त नियमाचा नंबर जातो. म्हणजे सिनियर क्रमांक एक आणि दोन यांचं भांडण तसं मिटलेलंच आहे. कागदावर दोन्ही शक्य.

आणि सिम्युलेशनचं म्हणाल तर कूजा वाईट नाही, त्यात खरा कॉन्टिकीचा कोड चालतो, कोडमधले बग तिथं सापडतात. पण त्यात बोर्डो नाही, खार नाही आणि मांडव वाढत नाही.

वाल्मिक_ओझर

बॅटरीचं कुणी बोललंच नाही. मी एका प्रोजेक्टला मदत केली होती तेव्हा पोरांनी रेडिओ सतत ऐकत ठेवला होता, म्हणे पाठवत तर नाहीये ना, मग करंट कसा जाईल. सीसी२४२० या रेडिओ चिपची डेटाशीट काढून दाखवली, पाठवताना १७.४ मिलिअँप आणि ऐकताना १८.८. ऐकणं महाग आहे! २५०० एमएएच च्या दोन एए सेलवर नुसतं ऐकत बसला नोड तर साडेपाच दिवसांत खलास. सगळं मॅक प्रोटोकॉलचं रिसर्च, एसमॅक, बीमॅक, एक्समॅक, कॉन्टिकीमॅक, हे याच एका गोष्टीभोवती फिरलं की झोपायचं कधी आणि उठायचं कधी.

लोराच्या क्लास ए मध्ये नोड स्वतः बोलल्यावरच दोनदा थोडा वेळ कान उघडतो, बाकी वेळ झोप. म्हणून ती बॅटरी वर्षानुवर्षं चालते. फुकट काही नाही, नोडला बाहेरून हाक मारता येत नाही.

सिन्नरकर_परदेशी

मूळचा सिन्नरचा, सध्या नेदरलँड्समध्ये, म्हणून इथली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २००५ मध्ये डेल्फ्टच्या मंडळींनी बटाट्याच्या शेतात शंभरेक नोड लावले. हेतू अगदी आपल्यासारखा: बटाट्याचा करपा, म्हणजे फायटोफ्थोरा, येण्याआधी शेतातली आर्द्रता बघून सांगायचं की फवारा मारा किंवा मारू नका. लॅबमध्ये सगळं चाललं होतं. शेतात गेल्यावर काय काय झालं विचारू नका. नोड हवेतूनच रिप्रोग्रॅम करायची छान सोय घातली होती, त्या सोयीनंच नोड जागे राहून चार दिवसांत बॅटऱ्या रिकाम्या झाल्या. मॅक आणि राउटिंग या दोन थरांनी शेजाऱ्यांचे तक्ते आपापले वेगळे ठेवले होते, ते एकमेकांशी जुळेनात. अपेक्षित डेटाच्या २ टक्के हातात आला.

आणि त्यांचं मोठेपण असं की त्यांनी हे लपवलं नाही, २००६ च्या पेपरमध्ये जसंच्या तसं लिहिलं. मला विचाराल तर या क्षेत्रातलं सगळ्यात उपयोगी लिखाण ते आहे, कारण ९८ टक्के डिलिव्हरी रेशोचे (पाठवलेल्यातलं किती पोचलं त्याचे) पेपर पैशाला पासरी मिळतात.

अमेरिकेत ग्रेट डक बेटावर २००२ ला पक्ष्यांच्या बिळात ३२ नोड ठेवले होते, तिथं नंतर डेटा बघताना लक्षात आलं की आर्द्रतेचा सेन्सर वेडंवाकडं दाखवायला लागला की थोड्याच दिवसांत तो नोड मरतो. आत पाणी शिरलेलं असायचं. म्हणजे वाईट रीडिंग हीसुद्धा माहिती असते.

पिंपळगावकर

या परदेशी दादांनी बरं आठवून दिलं. एक गोष्ट मी मघाशी लिहायची राहिली. ते स्टेशन चांगलं चालायचं ना तेव्हाही एक भानगड होती. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की लाइट जाते, लाइट गेली की आमच्या शिवारातला टॉवर तासा-दोन तासात झोपतो, आणि अ‍ॅपवर संध्याकाळी ७ पासून सकाळी ९ पर्यंत रेघच नाही. कोरडं असलं की सगळं ठीक, दर पंधरा मिनिटाला आकडा. म्हणजे ज्या रात्री मला कळायला पाहिजे तीच रात्र गायब. डावणी तर रात्रीच धरते ना, पान किती तास ओलं होतं यावरच सगळं.

उशिरा कळलं तर चालेल मला. रात्री २ ला मेसेज नकोच आहे, मी काय अंधारात ब्लोअर काढणार आहे का. पहाटे ५ ला सांगा, पण मधली रात्र गायब नको.

अनुपमा_आकडेवाली

थांबा थांबा, पिंपळगावकरांनी एमईचा विषय देऊन टाकलाय आणि कुणाचं लक्ष नाही!

मी स्टॅट्सची आहे, नेटवर्कमधलं कळत नाही, पण आमच्याकडं याचा स्वतंत्र अभ्यास असतो. डेटा गळतो तेव्हा तो कुठूनही गळाला तर फार बिघडत नाही, मधले आकडे अंदाजानं भरता येतात. पण ज्या कारणानं डेटा गळतो तेच कारण जर तुम्ही मोजत असाल तर? पाऊस मोजताय आणि पावसातच यंत्र बंद पडतंय. मग उरलेला डेटा कितीही भरपूर असला तरी तो कोरड्या दिवसांचाच. पूर्ण सीझनचा हिशेब काढाल तर नेटवर्कवाले अभिमानानं म्हणतील ९५ टक्के पॅकेट पोचले. आणि उरलेले ५ टक्के म्हणजे डावणीच्या सगळ्या रात्री. सरासरी काढली की हे दिसतच नाही.

म्हणजे शाल्मली, पॅकेट किती पोचले हे विचारू नकोस. ओल्या तासांमधले किती पोचले ते विचार. आकडा एकदम वेगळा येईल बघ, आणि असा आकडा कुणी मोजून मांडत असेल तर मला तरी दिसला नाही, तू सर्व्हे कर.

शाल्मली_नाशिक

अंगावर काटा. सिरियसली.

थांबा, म्हणजे ओल्या रात्री डेटा जातो याची कारणं तीन असू शकतात: पानं भिजल्यामुळे नोड ते गेटवे लिंक जाते, गेटवेची लाइट जाते, किंवा गेटवे ते टॉवर ४जी जातं. पिंपळगावकरांच्या केसमध्ये तर नोडमध्येच सिम होतं. मला वाटतं पहिलं कारण मोठं असेल, ओली पानं सिग्नल खातात असं रेडिओवाले काका म्हणालेच.

सिन्नरकर_परदेशी

इथं जरा सांभाळून. त्याच डच मंडळींनी बटाट्याच्या शेतात रेडिओ लहरी कशा जातात याचा वेगळा अभ्यास २००५ मध्ये केला होता आणि त्यात उलटंच निघालं. आर्द्रता जास्त असताना, म्हणजे रात्री आणि पावसात, सिग्नल जास्त चांगला मिळत होता. बरेच जण वाचून चक्रावतात. आता ते बटाट्याचं बुटकं पीक, वर आकाश मोकळं. द्राक्षाचा मांडव डोक्यावर छतासारखा, ८६५ मेगाहर्ट्झ वेगळं, लोखंडी अँगल वेगळे. तिथलं इथं लागू होईलच असं नाही, पण "ओलं म्हणजे लिंक वाईट" हे गृहीत धरून बसू नका.

रेडिओवाला

इंटरेस्टिंग. मी म्हणालो ते पान वाढल्यावर काय होतं याबद्दल, पान भिजल्यावर काय होतं तो वेगळा प्रश्न. मोजायला सोपं आहे, लोराचं प्रत्येक पॅकेट घेताना गेटवे आरएसएसआय आणि एसएनआर (सिग्नल किती जोरात आणि किती स्वच्छ आला ते) देतोच, ते पानाच्या ओलाव्यासोबत लिहून ठेवायचं. फुकटचा डेटा आहे, लोक फेकून देतात.

वाल्मिक_ओझर

मी साधा माणूस. गेटवेला १२ व्होल्टची बॅटरी लावा, सोलर लावा, आत एसडी कार्ड ठेवा, टॉवर आला की साठलेलं पाठवा. अर्धा रिसर्च इथंच संपला, हाहा.

नेटवर्क_नाना

वाल्मिकराव, हसताय पण बरोबर आहे, आणि तरी अर्धाच संपतो. बघा, साठवा-आणि-मग-पुढे-पाठवा ही कल्पना जुनी आहे, केनियात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून प्रिन्स्टनवाल्यांनी झेब्रानेट केलं होतं, एक झेब्रा दुसऱ्याजवळ आला की डेटा एकमेकांना द्यायचा आणि गाडी घेऊन संशोधक आले की सगळं घ्यायचं. इंटरनेटच्या बाजूनं यालाच डिले टॉलरंट नेटवर्किंग म्हणतात, २००७ ची आरएफसी ४८३८ आहे. विषयातला "इंटरनेट" इथं बसवा शाल्मलीताई, नेहमी असलेलं इंटरनेट नाही, येऊन जाऊन असलेलं.

उरलेला अर्धा असा. गेटवेच बंद पडला तर? लोराच्या नोडला कळतच नाही की कुणी ऐकत नाहीये, तो आपला बोलत राहतो. कळायला हवं असेल तर पोचपावती म्हणजे अ‍ॅक मागा, पण गेटवे एका वेळी एकतर बोलतो नाहीतर ऐकतो, प्रत्येकाला अ‍ॅक देत बसला की तेवढ्या वेळात दुसऱ्याचं पॅकेट बुडतं. म्हणून नोडलाच फ्लॅश द्या. हिशेब करा: एका रीडिंगला १२ बाइट, दर पंधरा मिनिटाला एक, दिवसाचे ९६, म्हणजे ११५२ बाइट. एक एमबीची फ्लॅश दोन वर्षांहून जास्त पुरते. साठवायला जागा हा प्रश्नच नाही.

प्रश्न सुटका होताना आहे. बारा तास गेटवे बंद होता, प्रत्येक नोडकडं ४८ रीडिंग साठलेत, एसएफ१२ ला एका पॅकेटमध्ये चार बसतात, म्हणजे बारा पॅकेट आणि एकेक पॅकेट हवेत पावणेतीन सेकंदांच्या आसपास. एका नोडला अर्धा मिनिट. वीस नोड असतील तर अकरा मिनिटं, तेही एकमेकांवर न आदळता. आणि लाइट आली की सगळे एकदमच बोलायला लागणार! कुणी आधी बोलायचं? माझ्या मते ज्याच्याकडं ओले तास जास्त आहेत त्यानं. कोरड्या रात्रीचे ४८ आकडे एका ओळीत सांगता येतात की बाबा सगळं कोरडं होतं.

शाल्मली_नाशिक

@नाना नोडनं स्वतःच ठरवायचं की माझी रात्र महत्त्वाची होती का! आणि पिंपळगावकरांची पहाटे ५ ची डेडलाइन. म्हणजे मोजमाप असं होईल: ५ वाजता गेटवेकडं रात्रीच्या ओल्या तासांपैकी किती पोचलेत. वेग नाही, सरासरी नाही.

घड्याळाचं काय पण? नोड रीस्टार्ट झाला की वेळ विसरेल, मग साठवलेलं रीडिंग कुठल्या रात्रीचं ते कसं कळणार?

वाल्मिक_ओझर

डीएस३२३१ ही घड्याळाची चिप लावा, कॉइन सेलसकट मिळतो, रीस्टार्ट झाला तरी वेळ जात नाही. साधं क्रिस्टल ४० पीपीएमचं (दहा लाखांत चाळीस चुकणारं) धरलं तरी दिवसाला साडेतीन सेकंद चुकतं, महिन्याला पावणेदोन मिनिटं, पंधरा मिनिटांच्या रीडिंगला काय फरक पडतो.

आडगावचा_अण्णा

छान चाललंय. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर. पूर मोजण्यातही हेच होतं बरं का. ऐन पुरात पातळीचं यंत्र वाहून जातं किंवा तारा तुटतात आणि मग नंतर वरच्या-खालच्या स्टेशनवरून अंदाज लावत बसायचं. रामकुंडावर लोक आजही नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडंच बघतात, पाणी कमरेला आलं, छातीला आलं, कारण तो बंद पडत नाही, हा हा. बाईंनी द्राक्षाचं केलं की हेच गोदावरीला लावून बघावं. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की होळकर पुलाखाली किती वेळात किती चढतं, हे मधल्या नाल्यांचं पाणी धरून कळायला सेन्सर हवेतच.

मुक्ता_के

सरकारचं महावेध आहे ना, महसूल मंडळाला एक याप्रमाणे दोन हजारांहून जास्त ऑटोमॅटिक स्टेशन आहेत राज्यात, २०१७ पासून. मग बागेत वेगळे नोड कशाला?

पिंपळगावकर

@मुक्ताताई मंडळ केवढं असतं माहितीय का, दहा-पंधरा गावं. निफाडला पारा किती घसरला ते कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राच्या आकड्यावरून पेपरात येतं, पण नदीकाठच्या बागेत मणी तडकतात आणि वरच्या माळावर काही होत नाही. दवाचं तर ओळीगणिक वेगळं. विहिरीकडच्या कोपऱ्यात डावणी पहिल्यांदा दिसते, दर वर्षी, तिथं वारा लागत नाही. महावेध विम्याला ठीक आहे.

अनुपमा_आकडेवाली

आणि पाऊस म्हणजे ओलं पान नव्हे. भुरीला (द्राक्षावरचा दुसरा बुरशीचा रोग) पान ओलं लागतच नाही, डावणीला लागतं, आणि नुसत्या दवानंही पान रात्रभर ओलं राहतं ज्याची पर्जन्यमापकात नोंदच होत नाही. ज्यांनी प्लॅस्टिकचं आच्छादन घातलंय त्यांचं तर पाऊस आणि पान यांचं नातंच तुटलं.

सुरक्षित_साळवी

सिक्युरिटी विसरू नका एवढंच. २०१६ च्या मिराई या मालवेअरनं असलेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे-राउटर गोळा केले होते. नोडला थेट आयपी न देण्याचा एक फायदा म्हणजे बाहेरून दार ठोठावणारा गेटवेपाशीच अडतो. गेटवेवरून डेटा एमक्यूटीटी (हलके मेसेज पाठवायची पद्धत) वापरून टीएलएसनं, म्हणजे कुलूपबंद करून, बाहेर ढकला, आत येणारं पोर्ट उघडूच नका.

नेटवर्क_नाना

साळवींशी सहमत. आणि गेटवेचं मोडेम घेताना २जी वालं स्वस्तातलं घेतलं तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, त्यांच्याकडं २जी नाहीच. दोन कंपन्यांची सिम टाकता येतील असं ४जी मोडेम घ्या. एकाचा टॉवर झोपला तर दुसऱ्याचा जागा असू शकतो, आणि कुठला किती वेळ झोपला हेही लिहून ठेवा, तुमच्या तीन कारणांपैकी तिसरं तिथंच मोजलं जाईल.

शाल्मली_नाशिक

सरांना सिनॉप्सिस दाखवला. म्हणाले नॉव्हेल्टी कुठं आहे, प्रोटोकॉल तर तयारच वापरतेयस. मी अनुपमाताईंचं ९५ टक्क्यांचं उदाहरण सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले हे आधी कुठल्या तरी जुन्या डेटावर दाखव. मामांच्या शेजारच्या बागेत जुनं स्टेशन आहे, त्यांच्याकडून दोन सीझनची फाइल मिळतेय, त्यात रिकाम्या वेळा आणि पावसाच्या वेळा जुळवून बघते. हार्डवेअर त्यानंतर.

पिंपळगावकरदादा, तुमच्या बागेतला तो डबे अडकवलेला खांब वापरू देता का? पान मी धुऊन घेईन, आणि शेजारी दुसरं न धुतलेलं लावायचंय, किती फवारण्यांनंतर ते खोटं बोलायला लागतं ते बघायला.

पिंपळगावकर

या की. पण ऑक्टोबर छाटणीच्या आधी या, नंतर पोंगा फुटला की मी कुणाला बागेत फिरू देत नाही, आणि अँटेनाचा पाइप ब्लोअर फिरतो त्या ओळीत रोवू नका, शेवटच्या अँगलला बांधा. फवारणीच्या तारखा आणि कुठलं औषध मारलं ते सगळं वहीत लिहिलेलं असतं, एक्स्पोर्टच्या मालाला ते लागतंच, वही देतो. विहिरीकडच्या कोपऱ्यात एक नोड नक्की लावा.

रेडिओवाला

मी पण येतो, अँटेना मीच बांधतो. ताई, मॉड्यूल मागवायच्या आधी लिंक टाका इथं, ४३३ वालं तर नाही ना बघून सांगतो.